अधांतरी पत्रे

आमच्या इमारतीत सगळ्यात आधी पत्रा ठोकला तो मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, ते नवराबायको राहायचे. नवरा यंत्रं हलवण्याच्या कामावर होता. त्याने हात लावला की वस्तूचं वजन जायचं. कमी व्हायचं नाही, जायचंच. लोखंडी कपाट काखेत वर्तमानपत्र धरावं तसं धरून तो जिना चढायचा. सगळे त्याला कापूस म्हणायचे. बायको ओतकामाच्या कारखान्यात होती. ओतलेल्या लोखंडाच्या पोटात कुठे पोकळी राहिली, कुठे चीर गेली, हे वरून कुणाला दिसत नाही. तिला दिसायचं. दिवसभर बाकावर बसून ती समोर येणाऱ्या भागांवर खडूने खुणा करायची, आणि खूण केलेला भाग परत भट्टीत जायचा. पण तिला नुसतं लोखंडातलं दिसायचं असं नव्हतं. भिंतीपलीकडचं दिसायचं, कातडीखालचं दिसायचं. तिला काचवाली म्हणायचे, पण तिच्या माघारी.

कापसाचं कुणाला वावडं नव्हतं. कामापुरता मामा म्हणतात, तसा तो सगळ्या इमारतीचा मामा. पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीचं मशीन, माझ्या शेजारच्या ड्रायव्हरचा जुना फ्रिज, गच्चीवरची पाण्याची टाकी, काहीही हलवायचं असलं की कापसाला हाक. काम झालं की "चहा घे की रे" म्हणायचं, आणि मागे बायको उभी दिसली की दार लोटून घ्यायचं.

दार लोटून उपयोग नव्हता, हीच तर भीती होती.

त्यात तिची एक सवय लोकांना फार खुपायची. कारखान्यातून घरी आली की ती डोळ्यांवर काळ्या कापडाची पट्टी बांधायची. खुर्ची रस्त्याकडच्या भिंतीला लावून, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून तासन्‌तास बसायची. हात तेवढे चालू असायचे. भाजी निवड, काहीतरी वीण. समोरच्या इमारतीतल्या बायकांना ती खिडकीतून दिसायची. रिकाम्या रस्त्याकडे तोंड, डोळे बांधलेले, आणि सुया सटासट चाललेल्या.

"उघड्या डोळ्यांनी बघणारी परवडली," शिंपीण म्हणाली. "डोळे बांधून बघते ती काय बघत असेल, देव जाणे."

आम्हाला ते पटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

माझा धाकटा भाऊ तेव्हा माझ्याकडेच राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर खिडकीशी. एकदा जिन्यात ती समोरून आली, थबकली आणि म्हणाली, "दादा, रागावू नका. उजव्या बरगडीखाली लिंबाएवढी गाठ आहे. आजच्या आज दाखवून या."

जेवताना त्याने मला हे सांगितलं. "मी म्हटलं तिला, बाई, तू लोखंड बघ, मी घड्याळं बघतो." आम्ही दोघंही हसलो. मला तर ठसका लागला. सात महिन्यांनी तो गेला.

चाळीस वर्षं मी सुईणीचं काम केलं. नुसत्या हाताने पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे, पाय कुठे, हे मी सांगायची. पण भावाच्या पोटावर एकदा हात ठेवून बघावं, एवढं मला सुचलं नाही. ही गोष्ट उशाशी घेऊन झोपणं कठीण होतं. त्यापेक्षा 'तिने बघितलं म्हणून गाठ झाली' हे सोपं होतं. मी ते जिन्यात बोलले, शिंपिणीपाशी बोलले. मग ते माझं राहिलंच नाही. सगळ्यांचं झालं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या भिंतीला भिंत लागून चष्मेवाला राहायचा. चौकात त्याचं चष्म्याचं दुकान, आणि इमारतीचा कारभारही तोच बघायचा. त्याने एकदा कापसाला गोडीगुलाबीने विचारलं, "काय रे, तुझ्या बायकोला ज्याच्यातून दिसत नाही, असं काही आहे की नाही?"

कापूस म्हणाला, "पत्र्यातून नाही दिसत."

दुसऱ्याच दिवशी मी पत्रा आणवला. आख्ख्या छताला पुरेल एवढा, सपाट, जाड. जिन्याने वर कुणी आणून दिला? कापसानेच. ड्रायव्हर स्टुलावर चढून खिळे ठोकेपर्यंत त्याने तो पत्रा एका बोटावर छताला धरून ठेवला. आपल्याच बायकोच्या पायाखाली. खिळे संपले तेव्हा म्हणाला, "मावशी, आता स्वस्थ झोपा." मला वाटलं टोमणा मारतोय. तो टोमणा नव्हता.

माझ्यामागून चष्मेवाल्याने भिंतीला ठोकला, ड्रायव्हरने छताला, पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीनेही छताला. महिनाभर इमारतीत हातोड्यांचा आवाज चालला होता.

मग तिला दिवस गेले.

ते आधी मलाच कळलं, आणि तेही कानांनी. माझ्या कामात कान डोळ्यांइतकेच लागतात. कापूस रोज तिचा हात धरून जिना उतरवायचा. दोघं माझ्या दारावरून जायची आणि पाऊल एकाचंच वाजायचं. मी दार किलकिलं करून बघितलं. तिच्या चपला पायरीला टेकत होत्या, पण कागद टेकावा तशा. हाताला धरून फुगा न्यावा तसा तो तिला नेत होता. तिचं तोंड प्रसन्न होतं. चौथ्या महिन्यात बायकांची तोंडं अशी नसतात.

सहाव्या महिन्यात पत्रे वाजू लागले.

दुपारची वेळ होती. मी तांदूळ निवडत होते. डोक्यावर बारीक आवाज आला, भांड्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यासारखा. पत्र्याला हात लावला तर तो थरथरत होता. थांबला. पुन्हा एक धक्का. पुन्हा थरथर. असे धक्के मी हजारो वेळा तळहातावर घेतलेत. बाळ लाथा मारत होतं. पण आईच्या पोटात मारलेली लाथ खालच्या मजल्यावरच्या छताला लागते, हे मी तोवर बघितलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी भिंत पातळ झाली. तेल लागलेला कागद होतो तशी. आधी डाग, मग डाग पसरला, आणि त्याच्या आत ड्रायव्हरचं स्वयंपाकघर दिसू लागलं. ड्रायव्हर एकटा, ओट्याला टेकून, आपल्या हाताकडे बघत उभा होता. हात कापत होता. बस चालवणाऱ्या माणसाचा हात. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, पण कापायचा थांबेना. मग त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

डोळे मिटून उघडेपर्यंत भिंत जशीच्या तशी.

संध्याकाळी जिन्यात भेटला. "काय मावशी, बरं आहे ना?"

"बरं आहे. तुझं?"

"एकदम मजेत."

दोघांनीही जे बघितलं ते गिळून टाकलं. पुढचे दोन महिने आख्ख्या इमारतीत हेच चाललं. शिंपीण कुणाच्या नजरेला नजर देईना. चष्मेवाल्याच्या घरात आवाज चढेनासे झाले. लोक हलक्या आवाजात बोलायचे, पाठ भिंतीला लावून बसायचे, मग आठवायचं की पाठीमागची भिंत भिंत राहिलेली नाही, आणि चटकन उठायचे. गंमत अशी की पत्रा सगळ्यांनी काचवालीच्या बाजूला ठोकला होता. बाकीच्या बाजू उघड्याच होत्या. आम्ही जगापासून लपलो नव्हतो, एका बाईपासून लपलो होतो.

आठव्या महिन्यात चष्मेवाल्याने बैठक घेतली. आपल्या घरी नाही, जिन्याच्या खाली. तिथे चारही बाजूंना रस्ता दिसतो, म्हणून.

"हे आत्ता पोटात आहे तर ही गत," तो म्हणाला. "बाहेर आल्यावर काय करेल? बाळ इथे जन्माला यायचं नाही. महिनाअखेर त्यांनी जागा सोडायची."

"गरोदर बाईला कुठे घालवायचं?" ड्रायव्हर म्हणाला.

"ती काय रस्त्यावर पडणार आहे का? तिच्या नवऱ्याला घरसामान हलवायला किती वेळ लागतो?"

कुणीतरी हसलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. इमारतीत बाळंतपणाच्या बाबतीत माझा शब्द चालायचा. मी म्हटलं, "सुईण म्हणून सांगायचं, तर माझ्या हाताखाली हे मूल येणार नाही." एवढंच बोलले. तेवढं पुरलं.

तरी कापूस माझ्या दारात आलाच. आत बोलावलं नाही, तो आलाही नाही.

"मावशी, दवाखान्यात नाव घातलंय. पण वेळेचं काही सांगता येत नाही. तसंच झालं तर याल ना?"

"तुमची वेळ येईल तेव्हा तुम्ही इथे नसाल."

त्याने छताकडे बघितलं. पत्रा बारीक वाजत होता. "ऐकू येतं का तुम्हाला?" तो म्हणाला. "आमच्या घरात ऐकू येत नाही." आणि गेला.

महिना संपायला नऊ दिवस होते. टळटळीत दुपार. मी खुर्चीत बसले होते, आणि इमारत गेली.

पडली नाही, आवाज नाही, धूळ नाही. दिसेनाशी झाली. या खेपेला डाग आला नाही, पसरला नाही. वीट, चुना, लाकूड, फरशी, सगळं एकदम पुसल्यासारखं गेलं. राहिलं ते फक्त लोखंड-पितळ. भिंती नसलेल्या हवेत नळ लटकत होते. पाण्याचे पाइप खालपासून वरपर्यंत उभे होते. दारं नव्हती, पण कमरेएवढ्या उंचीवर कड्या आणि कुलपं होती, आणि तीन तीन बिजागऱ्या. छताफरशांच्या जागी आतल्या सळयांचं जाळं होतं, माशाच्या काट्यासारखं. त्यात माणसं. कुणी बसलेलं, कुणी न्हाणीच्या दाराशी, कुणी तव्यासमोर उलथनं धरून. सगळी हवेत. कुणी हलत नव्हतं. पाय टेकत होते, पण कशावर टेकताहेत ते दिसत नव्हतं.

आणि पत्रे होते. शिंपिणीचा, ड्रायव्हरचा, चष्मेवाल्याचा, माझा. खिळ्यांनी कशालाच न ठोकलेले, अधांतरी, एकाच खोलीकडे तोंड करून.

माझ्या डोक्यावरचा पत्रा दणादणा वाजला. वरून कापूस फरशीवर मुठी मारत ओरडत होता.

"मावशी! तिचं पाणी गेलंय! गाडी बोलावलीय, पण माणसं वर येईनात!"

मी खाली बघितलं. हे सोपं वाटतं, पण दुसऱ्या मजल्यावर बसून स्वतःच्या पायांमधून खालचा रस्ता बघून बघावा. दवाखान्याची गाडी उभी होती. दोन माणसं स्ट्रेचर धरून खालच्या पायरीशी खिळली होती. पायरी त्यांना दिसत नव्हती. एकाने पाय पुढे केला, चाचपला आणि मागे घेतला. रस्त्यावर माणसं जमत होती. मान वर करून बघत होती.

"मावशी! तिला कळा येताहेत आणि बाळ येत नाही!"

मी उठले नाही. खोटं का बोला. मी बसून राहिले. सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. पूर्वी असं कुणी बघू लागलं की दार लावता यायचं. तिरप्यात वर, आपल्या पत्र्याच्या आडोशाला, चष्मेवाला उभा होता. त्याने मान हलवली. नको. आवाजही त्याचा आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा.

"सुईणबाई, तुम्ही शब्द दिलाय."

खरं होतं. दिला होता. माझ्या भावाचं टेबल जिथे होतं तिथे आता फक्त त्याची हत्यारं दिसत होती. टेबल लाकडी, ते गेलं होतं. बारीक चिमटे, पेचकस, दोन-तीन पितळी चाकं, सगळी ओळीने हवेत मांडलेली. त्याने जशी ठेवली होती तशी. मी कधी हलवली नव्हती.

वर ती ओरडली. पोटातून नाही, घशातून. कळ बसत नसली की बाई असं ओरडते. कानाने हे ओळखलं आणि माझे पाय आपणहून उठले. चाळीस वर्षांची खोड ती. शब्द जिभेने दिला होता, पायांनी नाही.

"गाढवांनो, दर मजल्याला पायऱ्या बावीस आहेत!" मी खालच्या दोघांना ओरडून सांगितलं. "दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नाही!" आणि डोळे गच्च मिटून जिना चढले. रोज अंधारात चढायची सवय असलेल्या बाईला त्यात काय. कठड्याची लोखंडी पट्टी हाताला लागत होती. बावीस मोजल्या. उंबऱ्याला ठेच लागली, तशी आत गेले.

ती लोखंडी पलंगावर होती. डोळ्यांवर पट्टी. कापूस पलंगाशी बसून तिचे दोन्ही हात धरून होता. आणि तिचं पोट, मी असं पोट कधी बघितलं नाही. नऊ महिन्यांचं पोट खाली उतरलेलं असतं. हिचं छातीशी होतं. फुगा छताला टेकावा तसं वर, बरगड्यांना दाबत. मी हात ठेवला. आत बाळ तरंगत होतं. कळ आली, पोट आवळलं, बाळ खाली यायच्या ऐवजी वर सरकलं.

"पट्टी काढ," मी म्हटलं.

"नको, मावशी. सगळे आहेत."

"सगळे तुला बघताहेत आणि तू त्यांची लाज राखतेस? काढ. मला डोळे पाहिजेत तुझे. आत काय दिसतं ते सांग."

तिने पट्टी काढली. तेव्हा मी तिचे डोळे पहिल्यांदा जवळून बघितले. साधे होते. रडून लाल झालेले. तिने खाली आपल्या पोटात बघितलं.

"डोकं खाली आहे. पण टेकत नाही कशाला. नाळ मानेभोवती आहे. एक... दोन वेढे."

"सैल की घट्ट?"

"वर सरकलं की घट्ट होते."

मग मला कळलं. इतकं सोपं होतं, की मला हसू यायचं बाकी राहिलं. मी कापसाकडे वळले. "हात सोड तिचा."

"काय?"

"हात सोड! तुझ्या हातामुळे तिचं वजन गेलंय, बाळाचंही गेलंय. खाली येणार कसं ते? तरंगतंय बिचारं!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "नऊ महिने मी तिला एक जिना चढू दिला नाही, मावशी. सोडला तर तिला दुखेल."

"अरे, दुखल्याशिवाय कुणी जन्माला आलंय का? सोड!"

त्याने बोटं एकेक करून सोडली. शेवटचं बोट सुटलं आणि पलंग करकरला. नऊ महिन्यांचं वजन तिच्यावर एकदम आलं. ती ओरडली, आणि या वेळी पोटातून ओरडली. मी पोटावर हात ठेवला. बाळ खाली बसलं. वाह, मी मनात म्हटलं, आता तू माझ्या ओळखीचा झालास.

पण त्या ओरडण्याबरोबर पत्रे थरारले. मी सभोवार बघितलं. खालून माझा पत्रा होता. त्यामुळे खालून कुणाला ती दिसत नव्हती. एका बाजूला चष्मेवाल्याचा होता. जिन्याची बाजू उघडी होती. रस्त्याची बाजू उघडी होती, आणि रस्त्यावर शंभर माणसं फोन वर धरून उभी होती. बाळंत होणारी बाई, पाय दुमडलेले, भर दुपारी, हवेत.

"ए शिंपिणे!" मी ओरडले. "ए ड्रायव्हर! बघत काय बसलात? पत्रे आणा वर!"

"मावशी, कसे आणू? खिळे—" ड्रायव्हर म्हणाला.

"मी आणतो," कापूस म्हणाला. त्याच्या रिकाम्या हातांना काम मिळालं. तो उड्या मारत जिना उतरला, पायऱ्या असल्या काय नि नसल्या काय. ड्रायव्हरच्या छताचा पत्रा त्याने वर्तमानपत्राचं पान उलटावं तसा उपटला, खिळे हवेतून टपाटप गळाले. मग खाली जाऊन शिंपिणीचा. दारात आणून त्याने हात काढले की पत्र्यांना पुन्हा वजन यायचं, पण मी त्याला तिथेच थांबवलं. आत शिरलास तर हात लागेल तिला. ड्रायव्हर आणि शिंपीण, दोघं आंधळ्यासारखे चाचपत जिना चढून आले आणि पत्रे त्यांनी घेतले. ड्रायव्हर रस्त्याच्या बाजूला उभा राहिला, शिंपीण जिन्याच्या. पत्र्याच्या आत, आमच्याकडे पाठ करून. ड्रायव्हरचे हात कापत होते आणि पत्रा खडखडत होता. कुणी त्याला काही म्हटलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

चष्मेवाल्याचा पत्रा प्रत्येक कळेबरोबर सुटत चालला होता. एक खिळा पडला, दुसरा पडला, वरचा कोपरा वाकला आणि मला तो दिसला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला होता. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हात दिसत नाही. खांदा लावून तो पत्रा धरून उभा होता. नंतर तो सांगायचा, माझं घर वाचवत होतो. असेल.

चार पत्र्यांच्या आत उन्हाचं प्रतिबिंब पडून भगभगत होतं. मी आणि ती. पायाखाली माझाच पत्रा, त्याच्या खालच्या अंगाला माझी खोली.

"आता सांग."

"डोकं वळतंय. नाळ एक वेढा... मावशी, डाव्या कानामागून."

डोकं बाहेर आलं. बोट घातलं, तिने सांगितलं तिथेच नाळ होती. एक वेढा काढला. "दुसरा घट्ट आहे," ती म्हणाली, "ओढू नका, खांदा फिरवा." चाळीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं. फिरवला. वेढा सुटला आणि बाळ माझ्या हातात आलं.

मुलगी. निळसर. गप्प. मी पाठ चोळली, पालथी धरली. काही नाही. पत्र्यांचा आवाज थांबला होता. रस्त्यावरचाही. मग तिने डोळे उघडले आणि रडायच्या आधी चहूकडे बघितलं. नवजात बाळं बघत नाहीत. ही बघत होती. पत्र्यातून, आमच्यातून. आणि मग रडली.

रडली तशा भिंती आल्या. दुधावर साय धरते तशा, हळूहळू, खालून वर. दाराला लाकूड आलं. कापूस दाराबाहेर होता तो दार ढकलून आत आला आणि बायकोपासून हातभर लांब थांबला.

"आता धर," मी म्हटलं. "हलक्या हाताने." शिंपीण रडता रडता हसली.

वार पडली, साफसफाई झाली, दवाखान्याची दोन माणसं घाम पुसत वर आली. त्यांनी तिला न्यायच्या आधी मी बाळ तिच्याजवळ दिलं. पट्टी नव्हती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिची नजर माझ्या छातीवर अडकली. लगेच तिने मान फिरवली.

"काय दिसलं?"

"काही नाही, मावशी."

"मला सांग."

"मी आता कुणाला काही सांगत नाही." तिने बाळाला जवळ ओढलं. "घड्याळवाल्या दादांना सांगितलं होतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "जेवताना त्याने मला सांगितलं होतं. मी हसले होते. पोटावर हातसुद्धा ठेवला नाही मी त्याच्या." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिंपीण ऐकत होती, ड्रायव्हर ऐकत होता, पलीकडे चष्मेवाला. ऐकू देत. "सांग."

तिने सांगितलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. रक्त थोडं मागे येतं. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. त्याने यंत्रावर बघितलं आणि विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं? मी म्हटलं, वरच्या मजल्यावरची. गोळी सुरू झाली.

ती दवाखान्यातून आली त्या दिवशी कापूस माझ्या छताचा पत्रा काढायला आला. मला एक गोष्ट विचारायची होती.

"काय रे, ती तर रोज लोखंडाच्या आत बघते. मग पत्र्यातून दिसत नाही कसं?"

तो पत्रा एका बोटावर धरून उभा होता. "दिसतं की, मावशी. पण तुम्हाला झोप लागेना. मला सुचलं ते सांगितलं."

ज्या बाईचं पोट लोखंडाच्या आत बघण्यावर चालतं, तिच्यापुढे आम्ही पत्रे ठोकून बसलो होतो. आख्ख्या इमारतीत एकालाही हे सुचलं नाही. आमच्या आणि तिच्या नजरेमध्ये जे होतं, ते तिच्या डोळ्यांवरचं कापड होतं, तिनेच बांधलेलं.

जागा सोडण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. चष्मेवाल्याने आपला पत्रा मात्र काढला नाही. शिंपिणीने आपल्या पत्र्याची पेटी करून घेतली. माझ्या छताला खिळ्यांची भोकं आहेत, बुजवली नाहीत.

पोर आता सहा महिन्यांची आहे. पालथी पडते. दुपारी ती जागी असली की माझं छत तेलकट होत होत जातं. मी खुर्ची उचलून रस्त्याकडच्या भिंतीला लावते आणि वर पाठ करते. खालीवर सगळ्यांनीच आता तशी सवय लावून घेतलीय. पण गोळी घ्यायची राहिली असेल त्या दुपारी मला पाठीवर काहीतरी जाणवतं. वळून वर बघते. छत नसतं. तिथे पोर पालथी, दोन्ही तळहात दाबून, नाक चपटं झालेलं, न हसता, न हलता, माझ्या छातीच्या डाव्या बाजूला टक लावून बघत असते.

मी उठते, पाण्याबरोबर गोळी गिळते, तोंड उघडून तिला जीभ दाखवते.

ती थोडा वेळ अजून बघते. खात्री करून घेते. मग कूस बदलते आणि छत परत येतं.